सहा वाजता घरी पाठवलेले मूल

वाचकाचे पत्र

आइंडहोवेनहून एका भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळून त्याचा सारांश येथे देते.

त्या मूळच्या नाशिकच्या, वय पस्तीस. तिथे एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात त्यांनी नऊ वर्षे नोकरी केली. पतीला आइंडहोवेनजवळ अभियंता म्हणून काम मिळाले, तेव्हा नोकरी सोडून तीन वर्षांच्या मुलाला घेऊन त्या नेदरलँड्सला आल्या. या गोष्टीला अडीच वर्षे झाली. मुलगा आता डच शाळेत ग्रुप २ मध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात आहे आणि डच अस्खलित बोलतो. गेल्या उन्हाळ्यात तो शेजारच्या मुलाकडे खेळायला गेला असताना पावणेसहाला शेजारीण त्याला दारापर्यंत घेऊन आली, 'आमची जेवायची वेळ झाली' असे हसून म्हणाली आणि परत गेली. तिच्या घरातून स्वयंपाकाचा वास येत होता. त्या वेळी सासूबाई इथे आलेल्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, 'इथे कोणी कोणाचं नाही गं.' त्यानंतर शाळेतल्या पालकभेटीत बाईंनी तोंडावर सांगितले की मुलगा हुशार आहे, पण कोट स्वतः घालत नाही, कोणी येऊन चेन लावून देईल म्हणून उभा राहतो. कोणाकडे कॉफीला गेले तर एक बिस्कीट देऊन डबा बंद होतो, भेटायचे तर तीन आठवडे आधी तारीख ठरवावी लागते. पती म्हणतात की या लोकांच्या नादी लागू नकोस, आपली मराठी मंडळी आहेत, त्यांच्यात रमू. पत्राच्या शेवटाकडे एक वाक्य आहे: 'बँकेत मी रजेवर असले तरी फोन यायचे, इथे आता माझी कोणाला गरज नाही.' त्या विचारतात, 'आम्ही परत यावे का? आणि राहायचे असेल, तर या माणसांकडून मायेची अपेक्षा सोडून द्यावी का?'

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी त्या संध्याकाळबद्दल बोलू, कारण तुमचे मन अजून तिथेच अडकलेले आहे. आपल्याकडे जेवणाच्या वेळी घरात असलेल्या मुलाला पानावर बसवले नाही, तर ते त्या घराचे उणे मानले जाते. मूल कोणाचे, हे त्या वेळी कोणी पाहत नाही. तुम्ही त्या संस्कारात वाढलात आणि सासूबाईंसमोर हा प्रसंग घडला, त्यामुळे तो अधिक लागला, हे मी समजू शकते. पण दाराच्या पलीकडे काय चालू होते तेही पाहायला हवे. इथल्या बहुतेक कुटुंबांत गरम जेवण दिवसातून एकदाच होते, तेही संध्याकाळी सहाच्या सुमारास. दुपारी शाळेत आणि कचेरीत डब्यातला पाव आणि चीज खाल्लेले असते. संध्याकाळचे बटाटे, भाजी आणि मांसाचे तुकडे माणसे मोजून शिजवलेले असतात, आणि पाळणाघर, शाळा, कचेरी अशा चार ठिकाणी पांगलेले घर एका टेबलाशी बसण्याची तेवढीच एक वेळ असते. यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्या सहज ध्यानात येत नाही. दुसऱ्याच्या मुलाला त्याच्या आईला न विचारता जेवू घालणे इथे बऱ्याच जणांना आगाऊपणाचे वाटते. त्या मुलाला काय चालते, काय चालत नाही, घरी आईने काय करून ठेवले आहे, हे काही ठाऊक नसताना त्याला पोटभर वाढून पाठवले तर त्या आईची संध्याकाळ आपण बिघडवली, असा विचार त्यामागे असतो. तुमच्या पत्रावरून तुमचे घर शाकाहारी दिसते. तसे असेल तर शेजारणीला न विचारता काही वाढणे अधिकच अवघड गेले असते.

तिच्या मनात नेमके काय होते हे मी सांगू शकत नाही, तुम्हीही सांगू शकत नाही. म्हणूनच त्या एका कृतीवरून तिच्या अंतःकरणाचा निवाडा करू नये, असे मला वाटते. आधी विचारून, वार ठरवून मुले एकमेकांकडे जेवायला थांबणे ही या देशात अगदी रोजची गोष्ट आहे. तेव्हा तुम्हीच तिला आठवडाभर आधी विचारा: 'येत्या बुधवारी तुमचा मुलगा खेळायला येईल तेव्हा आमच्याकडेच जेवला तर चालेल का? सात वाजता मी आणून सोडते.' काय वाढणार आहात तेही सांगा, साधा वरणभात, तूप आणि बिनतिखट बटाट्याची भाजी असेल तर तसे म्हणा, आणि त्याला कशाची ॲलर्जी आहे का ते विचारा. तिचा होकार आला आणि तिने पुढे तुमच्या मुलाला बोलावले तर उत्तमच. नाही बोलावले, तरी मुलांची मैत्री पुढे जाईल आणि त्या दाराशी उभे राहून बोलायला तुमच्याकडे एक कारण असेल.

शाळेतल्या बाईंच्या बोलण्याकडे मात्र मी तुमच्यापेक्षा पुष्कळ वेगळ्या नजरेने पाहते. ती भेट जेमतेम दहा मिनिटांची असते आणि तेवढ्यात पालकांना उपयोगी पडेल ते सांगून टाकावे अशी इथली रीत आहे. ग्रुप १ आणि २ मध्ये अक्षरओळखीपेक्षा स्वतःचे स्वतः करण्यावर भर असतो. कोट घालणे, बूट बदलणे, शौचालयाला एकट्याने जाऊन येणे, डबा उघडणे, सांडलेले पुसणे, हा त्या वयाचा अभ्यासक्रमच समजा. पावसाळी हवेच्या या देशात मुले मधल्या सुट्टीत बहुतेक रोज बाहेर जातात, आणि वीस-पंचवीस मुलांच्या चेनी एकटी शिक्षिका लावत बसली तर ती सुट्टी तिथेच संपते. बाई तुमच्या मुलाला किंवा तुमच्या संगोपनाला नावे ठेवत नव्हत्या, पुढच्या महिनाभरात घरी काय करून घ्यावे हे सांगत होत्या. त्या 'हुशार आहे' असेही म्हणाल्या, पण त्याचा उल्लेख करून तुम्ही लगेच पुढे गेलात. अशी भेट पुन्हा होईल तेव्हा 'यासाठी आम्ही घरी काय करू?' एवढे विचारा आणि उत्तर लिहून घ्या. सकाळी दहा मिनिटे लवकर आवरा आणि चेन त्याची त्याला लावू द्या. आपण मुलांचे करतो ते मायेपोटीच, पण त्या घाईत त्यांचा हात थांबतो, आणि ही एक गोष्ट डच घरांकडून घेण्यासारखी आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

याचा अर्थ इथला प्रत्येक फटकळपणा निरागस असतो असा नाही. रंगावरून, नावावरून किंवा वासावरून कोणी टोमणा मारला, घर भाड्याने देताना किंवा नोकरी देताना मागे सारले, तर त्याला 'इथली पद्धत' म्हणून पोटात घालू नये. भेदभावाची तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा नागरिकांना उपलब्ध करून देणे इथल्या प्रत्येक नगरपालिकेवर कायद्याने बंधनकारक आहे, आणि तक्रार नोंदवण्यासाठी डच नागरिकत्व लागत नाही. तुमच्या पत्रात तसा एकही प्रसंग मला दिसला नाही, पण हे सदर वाचणाऱ्या इतर कोणावर तशी वेळ आली असेल म्हणून एवढे लिहिले.

आता मायेचा प्रश्न घेऊ. ती आपल्याला जिथे दिसायची सवय आहे, तिथेच तुम्ही ती शोधता आहात: ताटात, आग्रहात, न सांगता आलेल्या पाहुण्यात. इथे ती दुसरीकडे ठेवलेली असते. कोणी आजारी पडले की टपालाने हाताने लिहिलेली कार्डे येतात, आणि ती महिनाभर दिवाणखान्यात ओळीने मांडून ठेवतात. पुष्कळ घरांत शौचालयाच्या दारावर वाढदिवसांची दिनदर्शिका टांगलेली असते, म्हणजे रोज नजर जावी आणि कोणाचा दिवस चुकू नये. वाढदिवसाला गेलात की ज्याचा वाढदिवस त्याच्याबरोबर त्याच्या आईचे, बहिणीचे, शेजाऱ्याचेही अभिनंदन करतात, कारण आनंद सगळ्यांचा मानला जातो. जूनमध्ये शालान्त परीक्षेचा निकाल लागला की घरावर झेंडा लावून त्याच्या काठीला मुलाचे जुने दप्तर बांधतात, आणि रस्त्याने जाणारा अनोळखी माणूसही 'छान' म्हणून जातो. पुढच्या जूनमध्ये असे दप्तर तुमच्या गल्लीत दिसले तर त्या घरात एक कार्ड टाकून पाहा. तारीख ठरवण्याचेही तसेच आहे. ज्याने तीन आठवड्यांनंतरची दुपार तुमच्यासाठी लिहून ठेवली, तो त्या दुपारी फोन बाजूला ठेवून तुमच्यासमोर बसतो. आणि खरे सांगायचे तर नाशिकच्या तुमच्या सोसायटीतही आज फोन केल्याशिवाय कोण कोणाकडे जाते? आपण आठवणीत घेऊन आलेले गाव बरेचदा वीस वर्षांपूर्वीचे असते, आणि मग आजच्या आइंडहोवेनची तुलना आपण त्या जुन्या गावाशी करत राहतो. एका बिस्किटाबद्दल फार विचार करू नका. तुमच्या घरी तुम्ही डबा उघडा ठेवा, पाहुणे आनंदाने दुसरे घेतील.

तुमच्या पत्रात शेजारणीवर, शाळेवर आणि बिस्किटावर पाने भरली आहेत, आणि बँकेवर एकच वाक्य आहे. मला मात्र सगळे पत्र त्या वाक्याभोवती फिरताना दिसते. नऊ वर्षे लोक तुमच्या टेबलाशी कागद घेऊन येत होते, तारण तपासून तुम्ही सही केल्याशिवाय त्यांचे कर्ज पुढे सरकत नव्हते. इथे आल्यावर पतीला कचेरी मिळाली, मुलाला शाळा मिळाली, आणि तुमच्या वाट्याला त्या दोघांच्या वेळा सांभाळणे आले. अशा दिवसांत शेजारणीचे एक वाक्य नको इतके मोठे होते, कारण दिवसभरात मोठ्या माणसाशी झालेले तेच एक बोलणे असते. शेजारणीने त्या संध्याकाळी मुलाला जेवायला ठेवून घेतले असते, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकातून परतताना तुम्हाला तेच रिकामेपण जाणवले असते, असे मला वाटते. म्हणून 'ही माणसे मायाळू आहेत का' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून 'मी कोणाच्या उपयोगी पडू शकते' या प्रश्नाकडे आधी पाहू या. इथे ओळख वाढण्याची वाटही तिथूनच जाते.

डच लोक ओळख व्हावी म्हणून एकमेकांच्या घरी फारसे जात नाहीत, ती एकत्र काम करताना होते. गावागावांत आणि वस्त्यावस्त्यांत क्लब आणि मंडळे आहेत. हॉकी, फुटबॉल, गायनवृंद, बागकाम, आणि तुमच्या ब्राबांत प्रांतात तर कार्निव्हलची मंडळे आणि गल्लीगल्लीचे शेजारसंघ. ती बहुतांशी सभासदांच्या हातांवर चालतात, म्हणजे कोणीतरी हिशेब ठेवतो, कोणी कॉफी करतो, कोणी मैदानावरच्या रेषा आखतो. दर आठवड्याला त्याच वाराला तीच दहा माणसे भेटत राहतात आणि वर्षभरात त्यांतली दोन-तीन घरची होतात. हे हळू आहे, पण पक्के असते. गणेशोत्सवाच्या मंडपात ज्याने मंडळाचा जमाखर्च एकदा सांभाळला आहे, त्याला ही रचना परकी वाटू नये, आणि शेजारसंघाला हिशेब नीट ठेवणारा माणूस मिळाला तर तो हवाच असतो. सप्टेंबरच्या चौथ्या शनिवारी देशभर शेजारदिन साजरा होतो. त्या दिवशी गल्लीत टेबले मांडली जातात. तुमच्या गल्लीत काही ठरत असेल तर खाण्याची थाळी घेऊन जाण्याबरोबरच आधीच्या तयारीच्या बैठकीलाही जा, कारण ओळख तिथे होते.

सर्वांत जवळची जागा म्हणजे मुलाची शाळा. प्राथमिक शाळांची कितीतरी कामे पालकच करतात. लहान गटांना वाचून दाखवणे, सहलीला सोबत जाणे, ग्रंथालयाची पुस्तके लावणे, आणि सुट्टीनंतर मुलांच्या डोक्यातल्या उवा तपासणे. हे शेवटचे काम ऐकून दचकू नका. सुट्टी संपून शाळा सुरू झाली की चार-पाच आया हातात बारीक कंगवा घेऊन एका कोपऱ्यात बसतात, मुले एकेक करून खुर्चीवर येतात, कानामागे आणि मानेवर केस बाजूला करून पाहायचे, काही सापडले तर गाजावाजा न करता बाईंना सांगायचे. लहानपणी ओसरीवर आजीच्या गुडघ्यांत डोके देऊन बसलेल्या आपल्याला हे काम कोणी शिकवावे लागत नाही. त्या तासाभरात भाषा थोडी लागते आणि गप्पा पुष्कळ होतात. बाईंना किंवा पालक मंडळाला एक ओळ लिहून नाव कळवा: 'मी शुक्रवारी सकाळी मोकळी असते, माझे डच अजून कच्चे आहे, कोणत्या कामाला येऊ?' वार आणि वेळ लिहायला विसरू नका, 'काही मदत लागली तर सांगा' या वाक्यावर इथे कोणी बोलावत नाही.

इथून भाषेचा विषय टाळता येत नाही. उच्चकुशल स्थलांतरिताच्या, म्हणजे तुमच्या पतींसारख्या खास कौशल्याच्या नोकरीसाठी आलेल्या माणसाच्या, जोडीदारावर डच शिकण्याची कायद्याने सक्ती नाही आणि आइंडहोवेनमध्ये इंग्रजीवर सगळे भागते, त्यामुळे शिकणे पुढे ढकलले जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. पण तुम्हीच लिहिले आहे की वर्गाच्या व्हॉट्सॲप गटातले निरोप तुम्ही भाषांतराच्या ॲपमध्ये टाकून वाचता, आणि मुलगा मित्राशी भांडला तर काय बोलला हे तुम्हाला कळत नाही. तो सात-आठ वर्षांचा होईल तेव्हा शाळेतले, मैदानावरचे, मनातले पुष्कळसे डचमध्येच घडेल, आणि त्या घडण्याबाहेर तुम्ही उभ्या राहू नये असे मला मनापासून वाटते. शहरांतल्या सार्वजनिक ग्रंथालयांत बहुधा 'तालहाउस' नावाची मदतखिडकी असते. तिथे स्वयंसेवकांबरोबर डच बोलण्याचा सराव करता येतो, भाषाकॅफे भरतात, आणि पुढच्या वर्गांची माहिती मिळते. पतीच्या कंपनीत जोडीदाराच्या भाषावर्गाचा खर्च देतात का, हेही विचारायला सांगा, काही कंपन्या देतात. तुम्ही अडखळलात की समोरचा मदत म्हणून लगेच इंग्रजीवर येईल. त्याला 'मला डचमध्येच बोलू द्या, मी शिकते आहे' असे सांगा. यात लाजण्याजोगे काही नाही, लोक सहसा खूश होऊन सावकाश बोलतात. घरात मुलाशी मात्र मराठीच बोला. त्याचे डच शाळा सांभाळेल, मराठी सांभाळणारे तुम्ही दोघेच आहात. ग्रुप ३ मध्ये रीतसर वाचन सुरू होईल. रोमन अक्षरे हाताशी आली की रविवारचा अर्धा तास देवनागरीला द्या.

नोकरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यासारख्या अनेक जणी हा विचार अर्ज करण्याआधीच सोडून देतात. तुमचे निवासपत्र उलटून पाहा. उच्चकुशल स्थलांतरिताच्या जोडीदाराला कोणतेही काम करण्याची मुभा असते, वेगळा परवाना लागत नाही, आणि ते त्या कार्डावर लिहिलेले असते. भारतीय पदवी डच पदवीच्या कोणत्या पातळीशी जुळते याचे अधिकृत मूल्यमापन करून मिळते. आइंडहोवेन आणि शेजारच्या फेल्डहोवेनच्या तंत्रज्ञान कंपन्यांमध्ये अभियंत्यांखेरीज देयके, खरेदी, जोखीम-तपासणी, पगारपत्रके अशी कामे असतात आणि त्यांतली काही इंग्रजीत चालतात. कर्जदाराचा ताळेबंद वाचून परतफेडीची क्षमता ठरवण्याचा नऊ वर्षांचा अनुभव ही तिथे सांगण्याजोगी गोष्ट आहे. पहिली जागा बँकेतल्या पदापेक्षा खालची असेल, हे मी लपवणार नाही. पण या देशात आठवड्याला तीन किंवा चार दिवस काम करणे कमीपणाचे मानत नाहीत. युरोपीय संघात अर्धवेळ काम करणाऱ्यांचे प्रमाण नेदरलँड्समध्ये सर्वाधिक आहे आणि त्यांत पुरुषही पुष्कळ आहेत. शाळेनंतरच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी भत्ता मिळतो. तो सहसा आई-वडील दोघेही काम करत असतील किंवा ठरावीक शिक्षण घेत असतील तरच लागू होतो आणि उत्पन्नाप्रमाणे बदलतो, म्हणून अर्ज करण्यापूर्वी हिशेब मांडून पाहा. पतीने आठवड्यातला एक दिवस घरी राहून मुलाला सांभाळायचे ठरवले, तर त्यांच्या डच सहकाऱ्यांना त्यात काहीच नवल वाटणार नाही. घरात हा विषय काढायला कचरू नका.

तुमच्या पतींचा सल्ला मी उडवून लावणार नाही. परदेशात रात्री दोन वाजता मुलाला ताप चढला, तर फोन उचलणारा मराठी माणूस असणे ही मोठी गोष्ट आहे, आणि दिवाळीचा फराळ चार घरांनी मिळून केला की तो सण वाटतो. फक्त एक गोष्ट त्यांच्यासमोर ठेवा. त्यांचे आठ तास नाना देशांच्या सहकाऱ्यांत जातात, म्हणून संध्याकाळी त्यांना आपल्या माणसांची ओढ लागते. तुमचा दिवसही आपल्याच माणसांत आणि संध्याकाळही तिथेच गेली, तर तुमचे जग त्यांच्यापेक्षा निम्मे राहील. शिवाय कंत्राटावर आलेली कुटुंबे दोन-तीन वर्षांनी ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवेनला किंवा जर्मनीला जातात, नाहीतर पुण्याला परततात, आणि ज्यांच्यावर सगळी मदार ठेवली ते घर एका मे महिन्यात रिकामे होते. मुलाचा जवळचा मित्र शेजारच्या घरातला असणे त्या दृष्टीनेही बरे.

'एक तर आपल्यासारखे राहा, नाही तर त्यांच्यासारखे व्हा' असे तुम्ही लिहिले आहे. एखाद्या शनिवारी आगगाडीने हेगला जाऊन या. १८७३ साली 'लाला रुख' हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजुरांना घेऊन सुरीनामला पोचले. सुरीनाम तेव्हा दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत होती. त्यानंतर अनेक जहाजे गेली, आणि १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र होण्याच्या आगेमागे त्या मजुरांचे हजारो वंशज नेदरलँड्सला आले. त्यांतले पुष्कळ हेगमध्ये स्थिरावले. त्यांच्या दुकानांत रोटी मिळते, देवळांत आरती होते, घरात भोजपुरी वळणाची सरनामी भाषा कानावर पडते, आणि तीच माणसे डच शाळांत शिकवतात, नगरपालिकेत बसतात, रुग्णालयांत काम करतात. त्यांचा इतिहास कष्टाचा आहे, आपल्या विमानप्रवासाशी त्याची बरोबरी नाही. पण दोन्ही सांभाळता येते का, या प्रश्नाला तिथे पाच-सहा पिढ्यांचे उत्तर आहे.

हिवाळ्याबद्दल दोन शब्द. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला अंधार पडतो आणि पहिल्या काही हिवाळ्यांत आपल्याकडच्या माणसांचे मन खचते. गडद वर्णाच्या लोकांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावे अशी इथल्या आरोग्य परिषदेची शिफारस आहे, तेव्हा ते घेत नसाल तर सुरू करा, आणि दुपारी ऊन असेल तेव्हा अर्धा तास बाहेर पडा. सकाळी उठावेसे न वाटणे, कारण नसताना रडू येणे, झोप न लागणे असे काही आठवडे टिकून राहिले, तर तुमच्या 'हाउसआर्ट्स'ना, म्हणजे घरच्या डॉक्टरांना, तेच शब्द वापरून सांगा. बहुतेक दवाखान्यांत मानसिक आरोग्यासाठी वेगळी व्यक्ती नेमलेली असते. तिच्याशी होणाऱ्या भेटी डॉक्टरांच्या भेटींप्रमाणेच विम्याच्या मूळ संरक्षणात येतात, आणि वर्षाला उपचारांचे पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागतात त्यांत या भेटी धरल्या जात नाहीत. खर्चाच्या भीतीने जाणे टाळू नका.

उरला परतण्याचा प्रश्न. परत जाणे म्हणजे हार नव्हे, आणि राहणे म्हणजे यश नव्हे. आईवडील एकटे असतील, तुमचे काम तिथेच बहरणार असेल, मुलाने नातेवाइकांत वाढावे असे दोघांनाही वाटत असेल, तर परत जाण्यासारखे दुसरे काही नाही. पण शेजारणीमुळे किंवा नोव्हेंबरमुळे परत जाऊ नका, कारण त्या कारणांनी घेतलेला निर्णय नाशिकला पोचल्यावर सहा महिन्यांत टोचू लागतो. पुढच्या उन्हाळी सुट्टीपर्यंत हा निर्णय थांबवा आणि त्याआधी शाळेतले एक काम, भाषेचा एक वर्ग आणि काही नोकरीअर्ज एवढे करून पाहा. मग पतीबरोबर बसाल तेव्हा काही तारखा कागदावर मांडा. परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणारी करसवलत जास्तीत जास्त ५ वर्षे टिकते. ती पतीला मिळत असेल तर पुढे हातात येणारा पगार किती घटेल ते पाहा. साधारण ५ वर्षांनंतर कायम निवासासाठी किंवा डच नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी भाषेसह एकात्मीकरणाची परीक्षा द्यावी लागते, आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्याने डच पारपत्र घेतल्यास भारतीय पारपत्र सोडावे लागते; त्यानंतर ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांसाठीचे कार्ड, घेता येते. मुलाच्या बाजूने पाहिले तर प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात, म्हणजे ग्रुप ८ मध्ये, बाराव्या वर्षाच्या आसपास, शाळा त्याला पुढच्या शिक्षणाची शाखा सुचवते. परतायचेच असेल तर त्याच्या बरेच आधी परतलेले सोपे, कारण मराठी-इंग्रजी वाचनलेखन आठव्या वर्षी जितके सहज जमते तितके तेराव्या वर्षी जमत नाही. त्या बैठकीत सासूबाईंचे वाक्य पुरावा म्हणून आणू नका. त्या तीन महिने राहिल्या, तेही भाषेविना आणि बहुतेक घरातच. पुढच्या वेळी त्या येतील तेव्हा त्यांना शाळेत सोबत न्या, शेजारणीला आधी सांगून कॉफीला बोलवा आणि चकल्यांची बशी भरून ठेवा.

नोकरीच्या अर्जाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा. बँकेतले काम इथल्या वाचणाऱ्याला कळेल अशा शब्दांत कसे मांडायचे, ते आपण मिळून पाहू.